पाण्यात दिसणारी खुर्ची

"गढूळ येऊन राहिला! ओवरसेर बाबू, पाणी गढूळ येऊन राहिला! सायकल कायले धरून उभा हायेस, फेक ना तिले!"

सोमारीबाई तलावाच्या पाळीखाली घोटाभर चिखलात उभी राहून ओरडत होती. बाईचा आवाज असा, की तिनं देवरीच्या जंगलात हाक मारली तर प्रतापगडच्या डोंगरावर कोणीतरी 'ओ' द्यावं. मी सायकल खरोखरच फेकली. ती सरकारी नव्हती, माझी स्वतःची होती. यावरून प्रसंग किती बिकट होता ते ओळखा. पाळीवरून घसरत खाली गेलो आणि ती दाखवत होती तिथं ओंजळ धरली. मातीच्या पोटातून करंगळीएवढी धार येत होती. रंग चहाचा. भरपूर दूध घातलेल्या चहाचा.

आता ज्यांनी तलाव फक्त नौकाविहारासाठी पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या भागात गावोगाव मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जमीनदारांच्या, काळातले तलाव आहेत. इटियाडोहच्या धरणाचं तेव्हा नावही नव्हतं. धान पिकायचं ते या तलावांवर. तलावाला मातीचा बांध असतो, ती पाळ. गावकरी तिला 'पार' म्हणतात आणि तलावाला 'तरा'. शेतात पाणी सोडायचं दार असतं, ते तुडुम. आणि तलाव काठोकाठ भरला की जास्तीचं पाणी मुकाट्यानं बाजूनं निघून जावं म्हणून एक सखल वाट ठेवलेली असते, ती सलंग. तलावाचं सगळं शहाणपण त्या सलंगीत असतं. मातीची पाळ कितीही जाड असली तरी पाझरतेच. पाझर निवळ असेल तर भिऊ नये, पाळीला घाम आला म्हणावं आणि बिडी पेटवावी. पाझर गढूळ आला तर मात्र समजावं की पाणी येताना आतली माती घेऊन येत आहे, पाळ पोटातून पोकळ होत चालली आहे. मग बिडी टाकून पळावं.

आणि त्या पाळीखाली सोमारीबाईचा टोला होता, म्हणजे वस्ती. गोंडांची अकरा घरं, कोंबड्या, बकऱ्या, म्हातारी माणसं आणि नुकतंच निसवलेलं धान. पाळ फुटली असती तर हे सगळं पाचव्या मिनिटाला पुढच्या गावच्या हद्दीत असतं.

मी पळालो. गावाबाहेर नाही, मालकांच्या, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारांच्या, घराकडे. कारण सलंग बुजवलेली होती, आणि बुजवणारे मालक होते.

गावाचं नाव सांगणार नाही. मालकांची नातवंडं आहेत आणि त्यातली दोन वकील आहेत. देवरीच्या अलीकडे, जंगल संपतं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, सुरू होतात तिथं कुठंतरी, एवढं पुरे. मालगुजारी गेली तसे तलाव सरकारच्या गळ्यात आले आणि सरकारनं ते ओवरसियर म्हणून माझ्या गळ्यात घातले. मी सायकलवर इतका हिंडलो की शेवटी माझ्या सावलीलाही सीट आली होती. या नोकरीनं मला एकच विद्या दिली, संशय. कोरड्या पाळीवर संशय घ्यायचा. पाळीच्या पायथ्याशी उन्हाळ्यात हिरवं गवत दिसलं तर दुप्पट घ्यायचा. आणि ओवरसियरला आग्रहानं जेवायला बसवणाऱ्या माणसावर तर वरणात तूप पडायच्या आधी घ्यायचा.

पण पाळीपेक्षा माणसं जास्त पाहिली. त्यातली एक जात मी वेगळी काढून ठेवली आहे. त्यांना मी 'रोजचे नवरदेव' म्हणतो. लग्नाच्या दिवशी कोणताही गडी स्वतःला राजा समजतो, त्यात काही वावगं नाही. हळद उतरते तसं डोकंही जागेवर येतं. काहींची हळद उतरतच नाही. रस्ता आहे तो त्यांच्या वरातीसाठी, आपण आहोत ते वऱ्हाडी. एक ठेकेदार होता, त्यानं नाल्यावरच्या मोरीला स्वतःच्या नावाचा असा दगड बसवला की मोरी लहान आणि दगड मोठा, पहिल्या पावसाळ्यात मोरी वाहून गेली, दगड राहिला, आणि तो माणूस दगडाकडे बोट दाखवून म्हणतो, "देखो, काम कैसा पक्का है!" एक आमचे वरचे साहेब होते. ते तलाव पाहायला यायचे, पण तलावाकडे पाठ करून. तलावानं त्यांना पाहावं अशी अपेक्षा असायची.

मालक या साऱ्यांचे मुकुटमणी. त्यांच्या घरी मी चौदा आरसे मोजले आणि पंधरावा त्यांचा दिवाणजी. मालक हसले की दिवाणजी हसे, मालकांना जांभई आली की बिचाऱ्याचा जबडा आपोआप उघडे. कोणी रामराम केला नाही तर मालक त्या माणसाच्या आजोबांपर्यंतचा हिशेब काढायचे. आणि कोणी केला तरी चेहरा निवायचा नाही. रिकाम्या रांजणात पाणी ओतताना आवाज येतो ना, तसं व्हायचं. ओता, ओता, रांजण रिकामाच. हे मला फार उशिरा कळलं. आधी मला वाटायचं की असा माणूस स्वतःनं गच्च भरलेला असतो.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तलाव सरकारकडे घेताना मालकांची सही लागायची. मालक सही करेनात. मी नियम सांगितला, त्यांनी पान खाल्लं. मी हुकूम दाखवला, त्यांनी त्यावर चुन्याचं बोट पुसलं. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या खेपेला मी पाळीवर त्यांच्या शेजारी उभा होतो. समोरच्या काठावर त्यांचं नवं दुमजली घर, निळीचा हात दिलेलं, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. माझ्या जिभेवर सरस्वती आली की सटवाई, कोण जाणे, मी म्हणालो, "मालक, कागदावर तलाव सरकारचा झाला तरी त्यात दिसणार तुम्हीच."

मालक पाण्याकडे बघत राहिले. मग दिवाणजीला म्हणाले, "दौत आण."

सही घेऊन मी गोंदियाला असा गेलो, जणू दिल्ली जिंकून आलो. आठवडाभर कचेरीत ज्याला-त्याला हे वाक्य ऐकवलं. अशा माणसाशी भांडायचं नाही, त्याला त्याचाच फोटो दाखवायचा आणि काम करून घ्यायचं, असा उपदेशही केला. उपदेश खोटा नव्हता. फक्त तो फोटो त्याच्या घरी राहतो आणि वाढत जातो, हे मी कोणाला सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं.

दीडेक वर्षानं तक्रारी यायला लागल्या. मालकांनी तलावात म्हशी सोडायला बंदी केली. ठीक. मग बायकांना धुणं बंद केलं. मग ढिवरांना जाळं टाकू देईनात. आणि पावसाळ्याच्या तोंडी सलंगीवर दोन हात उंच मातीचा बांध घालून तिथं दोन लाठीवाले बसवले. सोमारीबाई गोंदियाच्या कचेरीपर्यंत चालत आली. दारातच म्हणाली, "तुमच्या सरकारचा तरा हाये का मालकाचा? पानी पारीच्या कानाले लागला. आमी का पोहून राहाव का?"

मी निघालो, आणि वाटभर संशय घेत गेलो. दोन हात पाणी जास्त कशाला? मासळीसाठी? पण मासेमारी तर बंद. स्वतःच्या धानासाठी? मालकांची शेती तलावाच्या वरच्या अंगाला, तिथं पाणी चढत नाही. टोला बुडवून जमीन मोकळी करायची? हा संशय मला फार आवडला. त्यात कट होता, कागदपत्रं होती, माझी बढती होती. हा सगळा कट घेऊन मी पाळीवर पोचलो, आणि पाहतो तर स्वतः मालक पाळीवर उभे, एक डोळा मिटून पलीकडे बघताहेत. आणि पलीकडे, त्यांच्या घराच्या ओसरीवर, त्यांच्या खुर्चीत, त्यांचा फेटा बांधून बसला होता गावचा कोतवाल!

"मान वर कर, साल्या!" मालक तलावापलीकडे ओरडले. "हात खुर्चीवर ठेव! ऐसे नहीं! मी बसतो तसा!"

मग माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "या ओवरसियर. तुम्हीच म्हणाला होता ना, पाण्यात दिसणार मी? पाणी कमी होतं तर नुसती माडी दिसायची, ओसरी चिखलात जायची. आता बघा. खुर्ची पुरी आली."

बरोबर होतं. पाणी दोन हात चढल्यावर ते घराच्या पायरीला भिडलं होतं आणि ओसरी, खुर्ची, फेटा, सगळं पाण्यात उलटं दिसत होतं. अडचण एवढीच, की मालक खुर्चीत बसले तर पाळीवरून पाहणार कोण, आणि पाळीवर उभे राहिले तर खुर्चीत बसणार कोण. म्हणून कोतवाल. त्यातही मालकांना एक दुःख होतं. फेट्यात तो कोतवाल मालकांपेक्षा उजवा दिसत होता. पुढच्या आठवड्यात त्याला खुर्चीवरून काढलं आणि दिवाणजीला बसवलं, असं ऐकलं.

आणि म्हशी, धुणं, जाळी का बंद? पाणी हललं की चित्र मोडतं म्हणून. वारा आला की मालकांचा चेहरा पडायचा. वाऱ्यावर त्यांनी लाठीवाले का बसवले नाहीत, देव जाणे.

संशयी माणूस नेहमी फायदा शोधतो. इथं फायदाच नव्हता. अकरा घरं धोक्यात होती ती एका खुर्चीच्या सावलीसाठी. तेवढा क्षुद्रपणा माझ्या संशयाला सुचला नव्हता. त्या दिवशी मी नियम सांगितले, नोटीस दिली. मालक म्हणाले, "नोटीस छान अक्षरात आहे." मी परत गेलो, वर रिपोर्ट पाठवला. वरचे साहेब म्हणाले, पाहू. पाहता पाहता भाद्रपद आला, तीन दिवस झड लागली, आणि मी धावत तिथं पोचलो तो सोमारीबाईची ती आरोळी.

तर मी मालकांच्या ओसरीवर. सकाळची वेळ, पाऊस थांबलेला. मालक दाढीसाठी न्हाव्याची वाट पाहत बसलेले. मी सांगितलं, पाझर गढूळ आहे, सलंग आत्ताच्या आत्ता तोडायला हवी.

"पाळ माझ्या आजोबांनी बांधली," मालक म्हणाले. "ती फुटत नसते."

माझ्या मागोमाग सोमारीबाई आली होती. अंगणातूनच हात जोडून म्हणाली, "मालक, लहान लहान पोट्टे हायेत. तोडू द्या."

मालकांना यात पोरं ऐकूच आली नाहीत. "म्हणजे माझ्या आजोबांची पाळ कच्ची म्हणते ही?"

मी पोलिसांची भीती घातली. ते म्हणाले, "येऊ द्या, ठाणेदार मला ओळखतो." देवरीहून पोलीस यायला अर्धा दिवस, धार तोवर थांबणार नव्हती. टोल्यातले गडी कुदळी घेऊन सलंगीजवळ उभे होते, पण हात उचलत नव्हते. लाठ्यांची भीती थोडी, मालकांच्या शब्दाची जास्त. टोला मालकांच्या जागेवर वसलेला. मालकांच्या शब्दाविना जो कुदळ मारेल त्याचं घर उद्या तिथं नसेल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. मालगुजारी कागदावरून गेली होती, माणसांच्या मनगटातून नव्हती.

तेव्हा मी पुन्हा जीभ काढली. नाइलाज होता. "मालक, तोडायची तर तुमच्याच हातानं. पहिली कुदळ मालकांची. सगळा गाव बघेल."

मालकांच्या डोळ्यात दिवा लागला. मला वाटलं, जिंकलो. कसचं काय! मालक म्हणाले, "मग रीतसर होऊ दे. नारळ आणा. वाजंत्री बोलवा. आमचा बंद गळ्याचा कोट काढा. आधी दाढी."

न्हावी आला. त्यानं वस्तरा पट्ट्यावर घासायला घेतला. आयुष्यात मी कधी कोणाला इतका सावकाश वस्तरा घासताना पाहिलं नाही. मला शपथेवर वाटतं, त्यानं त्या वेळात वस्तरा अर्धा झिजवला. मी मध्येच पळत जाऊन पाझर पाहून आलो. करंगळीची धार मनगटाएवढी झाली होती. परत आलो तर मालकांचा उजवा गाल झाला होता आणि डाव्या गालावर साबण होता. न्हाव्याला ते सांगत होते, "मिशीची टोकं बरोबर कर, आज लोक बघणार आहेत."

टोल्याच्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन निघायला लागल्या होत्या. सोमारीबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबू, तू सरकार हायेस ना? मंग करत काऊन नाई?"

म्हणून मी खोटं बोललो. आयुष्यात बोललेल्या हजार खोट्यांतलं हे एकच मी पुन्हा बोलेन. मी मोठ्यानं म्हणालो, "सोमारीबाई, घाई करू नको. शेजारच्या गावचे मालक निघालेत. त्यांनी निरोप पाठवला, सलंगीला पहिली कुदळ आम्ही मारतो म्हणून. वाजंत्रीसकट येताहेत."

शेजारचे मालक त्या दिवशी तापानं अंथरुणात होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमचे मालक उठले तसे न्हाव्याचा हात, वस्तरा आणि वाटी तीन दिशांना गेली. अर्धा चेहरा साबणात, बंद गळ्याचा कोट एका बाहीवर, पायात काही नाही. साठीचा माणूस, पण असा पळाला की लाठीवाले भिऊन बाजूला झाले. त्यांना वाटलं, मालकांना पिसाळलेलं कुत्रं चावलं. एका गड्याच्या हातातून कुदळ हिसकून त्यांनी ती बांधावर मारली. निघाली असेल मूठभर माती. थोडी उडून साबणावर बसली. मग ते कुदळीवर हात टेकून, छाती काढून, शेजारच्या गावाच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"झाला का?" सोमारीबाईनं विचारलं. "हट मंग, दे ते कुदरी!"

मालकांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'हट' म्हटलं असावं. ते हटले. सोमारीबाईनं त्यांच्या हातातली कुदळ घेतली आणि सुरुवात केली. मग सगळा टोला तुटून पडला. बाई एका दमात पन्नास-साठ घाव घालत होती. हे मी वाढवून सांगत नाही; बाकीचं सगळं वाढवून सांगतो आहे असं समजा, पण हे नाही. पहिल्यांदा बोटभर पाणी सुटलं, मग हातभर, मग बांधच गेला आणि सलंग गर्जत वाहायला लागली.

मी नेहमीप्रमाणे उशिरा पाहिलं, की त्या पाण्याच्या वाटेवर पहिली बांधी कोणाची आहे. सलंगीचं पाणी एरवी झिरपत नाल्याला लागायचं. आज सगळं साठलेलं एकदम निघालं होतं, आणि नाल्याच्या वळणावर सोमारीबाईची धानाची बांधी होती. निसवलेलं धान एकदा वाकलं, आणि मग दिसलंच नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती तिकडे पाठ करूनच खणत होती. पहिल्या घावाच्या आधीपासून तिला ते माहीत होतं.

दुपारी पाणी हातभर उतरलं. पाझर बारीक झाला, संध्याकाळी निवळला. टोला जागच्या जागी राहिला.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. मी कामाच्या निमित्तानं गेलो. मालक मंडपात तक्क्याला टेकून पाहुण्यांना सांगत होते, "मी दाढी करत होतो. कळलं. अर्धी दाढी टाकून धावलो! जान की परवाह नहीं की!" ती अर्धी दाढीही त्यांनी आपल्या पराक्रमात जमा करून टाकली होती. ऐकणारे माना डोलवत होते. मला हसू आलं आणि रागही आला. कारण गोंदियाच्या कचेरीत मीही हीच गोष्ट रंगवून सांगत होतो, फक्त तिच्यात माझी जीभ पुढं होती आणि मालकांची कुदळ मागं. आणि रिपोर्टात मी लिहिलं होतं: 'मालकांचे सहकार्य व ओवरसियरची तत्परता यामुळे तलाव बचावला.' तिसऱ्या नावाला त्या छापील फॉर्ममध्ये रकाना नव्हता, असं मी स्वतःला समजावलं होतं. रकाना होता.

मंडईतून उठून मी टोल्याकडे गेलो. सोमारीबाई तिच्या बांधीत होती. धानाच्या जागी गुडघाभर वाळू साचली होती, आणि ती टोपलीनं वाळू काढून बांधावर टाकत होती. टोपलीमागून टोपली. मी बांधावर उभा राहिलो. मग नेहमीसारखी जीभ चालवली.

"बाई, मालक सांगून राहिलेत तलाव त्यांनी वाचवला. कचेरीत सगळे म्हणतात मी वाचवला. तू होतीस ना तिथं. तूच सांग, कोणाच्यानं वाचला?"

तिनं टोपली उलटी केली, झटकली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"कुदरीनं."